दोन लाख किलोमीटर पळालेली डिझेल: डिझायर घ्यावी की इटिऑस?

गेल्या आठवड्यात सिन्नरहून चुलतभावाचा फोन आला. दोन गाड्या बघून ठेवल्या होत्या, दोन्ही डिझेल. एक २०१४ची मारुती डिझायर व्हीडीआय, मीटरवर १,६८,०००, मागणी ३ लाख ४० हजार. दुसरी २०१३ची टोयोटा इटिऑस जीडी, मीटरवर २,३१,०००, मागणी २ लाख ९० हजार. "दादा, कुठली घेऊ?" रविवारी दोघं मिळून दोन्ही गाड्या बघून आलो. तीन-साडेतीन लाखांत डिझेल सेडान शोधणाऱ्या बहुतेकांसमोर शेवटी याच दोन गाड्या उभ्या राहतात, म्हणून त्याला जे सांगितलं ते इथे सविस्तर लिहितोय.

आधी डिझेल घ्यायचीच का, हे बघू. भाऊ रोज सिन्नरहून नाशिकच्या अंबड एमआयडीसीत जातो, महिन्याला साधारण १,६०० किलोमीटर होतात. डिझेल ९० रुपये आणि पेट्रोल १०४ रुपये धरलं, जुन्या डिझेलला १८ आणि तेवढ्याच पेट्रोलला १४चं अ‍ॅव्हरेज धरलं, तर किलोमीटरमागे जवळपास अडीच रुपये वाचतात. म्हणजे महिन्याला पावणेचार-चार हजार. त्याच्यासाठी हिशेब बसतो. तुमचं रनिंग महिन्याला सहाशे-सातशे असेल तर बसत नाही. एकदा इंजेक्टरचं (इंजिनात डिझेल फवारणारा भाग) किंवा टर्बोचं (इंजिनात जास्त हवा ढकलणारा पंखा) काम निघालं की वर्षभराची बचत एका बिलात जाते.

इंजिन

डिझायरमध्ये १२४८ सीसीचं फियाटचं मल्टिजेट आहे, ७५ पीएस ताकदीचं आणि १९० एनएम ओढीचं. मारुतीने ते परवान्यावर मानेसरला बनवलं, तर आपल्या पुण्याजवळ रांजणगावला फियाट आणि टाटाच्या गाड्यांसाठी हेच इंजिन तयार व्हायचं. स्विफ्ट, रिट्झ, व्हिस्टा, मान्झा, पुंटो, लिनिया या सगळ्यांच्या बॉनेटखाली हेच. त्यामुळे तालुक्याच्या गावातल्या मिस्त्रीनेही आयुष्यात दहा-वीस मल्टिजेट उघडलेली असतात. इंजेक्टर बॉशचे, आणि नाशिकच्या सातपूरला तर बॉशचाच कारखाना. जुनी माणसं अजून त्याला मायकोच म्हणतात. आमच्याकडे पंप-नोझलचं काम करणारा माणूस शोधावा लागत नाही.

इटिऑसचं १३६४ सीसीचं डी-४डी ६८ पीएस आणि १७० एनएमचं. कागदावर कमी, पण चालवून बघा. मल्टिजेट दोन हजार आरपीएमच्या खाली झोपलेलं असतं, मग टर्बो लागला की एकदम उसळतं. इटिऑस पंधराशेपासूनच ओढायला लागते. हा फरक चालवण्याच्या मजेपुरता नाही, तो खिशाशी जोडलेला आहे. कसारा घाटात भरलेली डिझायर ट्रकमागे अडकली की पुढे निघायला ड्रायव्हर अर्धा क्लच दाबून गाडी रेटतो. शहराच्या ट्रॅफिकमध्येही तेच. म्हणून सारख्याच चाललेल्या दोन गाड्यांत डिझायरची क्लच प्लेट लवकर संपलेली सापडते. माझ्या मेव्हण्याची इटिऑस नाशिक-धुळे करते, तिचा पहिला क्लच सेट १,९०,०००ला बदलला. माझ्या डिझायरचा १,२०,०००च्या आसपास आधीच्या मालकाने बदलला होता, आणि १,८०,०००ला मी पुन्हा.

चेन

इंजिनातले व्हॉल्व्ह पिस्टनच्या तालात उघड-बंद करायला दोन्ही इंजिनांत टायमिंग बेल्ट नाही, चेन आहे. "चेन आहे, बदलायचं टेन्शन नाही" असं दलाल हमखास सांगतो. माझी डिझायर घेताना मलाही सांगितलं होतं आणि मी मान्य केलं. मी पोचलो तेव्हा गाडी सुरूच होती, एसी लावून ठेवली होती. चांगली वागणूक वाटली. महिन्याभराने डिसेंबरच्या थंडीत सकाळी चावी फिरवली आणि पहिले तीन सेकंद बॉनेटखालून असा खडखडाट आला, जणू डब्यात खिळे घालून कुणी हलवतंय. नंतर एकदम शांत. आठ दिवस मी स्वतःला समजावलं की डिझेल आहे, आवाज करणारच.

मिस्त्रीने ऑइल भरायचं झाकण काढून आत बॅटरी मारली. झाकणाच्या आतल्या बाजूला काळा, लापशीसारखा थर. तो म्हणाला, "साहेब, या गाडीने ऑइल वेळेवर कधी बघितलेलंच नाही." चेन ताणून धरणारा टेन्शनर ऑइलच्या दाबावर चालतो. ऑइल घट्ट झालं, कमी पडलं किंवा वेळेवर बदललं नाही, की गाडी सुरू केल्यावर दाब तयार होईपर्यंत ढिली चेन आत आपटत राहते. मल्टिजेटमध्ये ऑइल मावतंच तीन लिटरच्या आसपास, त्यामुळे अर्धा-पाऊण लिटर कमी झालं तरी फरक मोठा पडतो. चेन दात चुकवून सरकली तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात आणि इंजिन उघडावंच लागतं. मी त्याआधी सावध झालो. चेन किट, टेन्शनर, ऑइल, मजुरी धरून साडेअठरा हजार गेले.

म्हणून नियम एकच: गाडी थंड असताना बघायची. आदल्या रात्री मालकाला फोन करून सांगा की सकाळी येतोय, आम्ही येईपर्यंत चावी लावू नका. पोचल्यावर आधी बॉनेटवर हात ठेवा. कोमट लागलं तर दुसऱ्या दिवशी पुन्हा जा. रविवारी आम्ही डिझायर बघायला गेलो तेव्हा बॉनेट गरम होतं. मालक म्हणाला, मुलाला क्लासला सोडून आलो. सोडून आलाही असेल. आम्ही सोमवारी सकाळी साडेसहाला पुन्हा गेलो, आणि तोच तीन सेकंदांचा खडखडाट मी लगेच ओळखला.

इटिऑसला हा आवाज येत नाही असं नाही. पण टॅक्सीत दोन-दोन लाख पळालेल्या ज्या इटिऑस मी पाहिल्या, त्यांत चेनपेक्षा सस्पेन्शन आणि क्लचची रड जास्त होती. इंजिनाला कमी लाड चालतात, हे तिच्या बाजूने लिहावंच लागेल.

बाकीचं इंजिन, दोन्ही गाड्यांसाठी एकच परीक्षा

गाडी सुरू असताना ऑइलचं झाकण फिरवून सैल करा आणि तसंच वर ठेवा. थोडं थरथरलं तर चालेल. उडून पडलं किंवा खालून भकाभका धूर आला तर पिस्टनच्या रिंगा गेल्या आहेत. तिथून निघा, चहालाही थांबू नका. इंजिन बांधायचा खर्च या किमतीच्या गाडीला परवडत नाही.

धूर काळा असेल तर घाबरू नका. ईजीआर (थोडा धूर पुन्हा इंजिनात पाठवणारा व्हॉल्व्ह) चोंदला असेल किंवा इंटरकूलरचा (टर्बोची हवा गार करणारी जाळी) पाइप फाटला असेल, दोन्ही कामं आटोक्यातली आहेत. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय. पांढरा धूर गाडी गरम झाल्यावरही थांबत नसेल तर इंजेक्टर किंवा हेड गॅस्केटकडे (इंजिनाचा वरचा भाग आणि ब्लॉक यांमधली सील) बघा. कूलंटच्या टाकीचं झाकण थंड इंजिनावर उघडून आत तेलकट साय दिसते का, तेही पाहा.

इंजेक्टरची परीक्षा मला सगळ्यात आवडते, कारण तिथे वाद घालायला जागाच नसते. मिस्त्री चारही इंजेक्टरच्या रिटर्नला, म्हणजे न वापरलेलं डिझेल परत जातं त्या तोंडाला, बारीक नळ्या लावतो आणि खाली चार सारख्या बाटल्या टांगतो. पाच मिनिटं इंजिन चालू ठेवायचं. तीन बाटल्यांत बोटभर डिझेल आणि चौथी अर्धी भरलेली दिसली, की तो चौथा इंजेक्टर कामातून जातोय. डिझायरचे इंजेक्टर सातपूर-अंबडच्या दुकानात रिपेअर होतात. इटिऑसच्या बाबतीत मेव्हण्याला वेगळा अनुभव आला: धुळ्यात माणूस मिळाला, पण पार्ट यायला चार दिवस लागले आणि गाडी तेवढे दिवस उभी. रोज कामावर जाणाऱ्यासाठी उभ्या गाडीचे चार दिवस हाही खर्चच असतो.

इंजिनाबाहेर

इथे इटिऑस पुढे आहे. डिकी जवळपास ५९० लिटरची, त्या वेळच्या डिझायरची ३१६. मुंजीला, लग्नाला, गावी धान्याची पोती घेऊन जाणाऱ्या घराला हा आकडा समजावून सांगावा लागत नाही. मागच्या सीटवर तिघं आरामात बसतात. आतलं प्लास्टिक साधं आहे आणि मीटर डॅशबोर्डच्या मध्यभागी, त्याची सवय व्हायला आठवडा जातो. डिझायर आतून अधिक नीटस, गल्लीत वळवायला सोपी आणि उद्या विकायला काढली तर लगेच जाते. त्या काळच्या खालच्या प्रकारांत एअरबॅग नसायच्या. दोन्हीत स्टेअरिंगवर एसआरएस लिहिलंय का हे बघा, आणि घरात लहान मुलं असतील तर याला किंमतीपेक्षा वरचं स्थान द्या.

लोअर आर्म, लिंक रॉड, शॉकअप, व्हील बेअरिंग, एसीची कूलिंग कॉइल ही कामं दोन लाख किलोमीटरनंतर दोन्हीकडे निघणारच. त्यांच्यासाठी गाडी सोडू नका, तेवढे पैसे किंमतीतून कमी करून घ्या. कोकणात किंवा गोव्यात वाढलेली गाडी असेल तर मात्र लिफ्टवर चढवून खालचा पत्रा, दरवाजांच्या कडा आणि जॅक लावायची जागा टोचून बघा.

मीटर आणि कागद

मीटर मागे फिरवलेला असू शकतो, त्यावर विसंबू नका. क्लच-ब्रेकच्या पेडलवरचं रबर, ड्रायव्हर सीटची बाहेरची कड, गिअरच्या मुठीवरचे पुसलेले आकडे बघा. टायरच्या बाजूला चार आकडे असतात, २३१९ म्हणजे २०१९च्या तेविसाव्या आठवड्यातला टायर. ८०,००० चाललेल्या गाडीला तिसरा टायर सेट का, हे मग विचारता येतं.

इटिऑस आणि डिझायर, दोन्ही टॅक्सीच्या लाडक्या. पिवळ्या पाटीवरून पांढऱ्या पाटीवर आणलेल्या गाड्या बाजारात भरपूर आहेत. ते बेकायदा नाही, पण ते सांगूनच विकायला हवं आणि भाव त्याच हिशेबाने हवा. आरसीचा इतिहास आणि मालकाचा क्रमांक एमपरिवहन अ‍ॅपवर बघा. कर्जाचा बोजा उतरला नसेल तर फॉर्म ३५ लागेल, नावावर करायला फॉर्म २९ आणि ३०. थकलेली ई-चलनं गाडी नावावर व्हायच्या आत भरायला लावा. दिल्लीकडून आलेली डिझेल भलतीच स्वस्त दिसते, कारण तिकडे दहा वर्षांवरच्या डिझेलवर निर्बंध आले आणि गाड्या बाहेर पडल्या. तशी गाडी घेतली तर तिकडच्या आरटीओची एनओसी, इथला रोड टॅक्स आणि आरटीओच्या फेऱ्या किंमतीत मिळवा, मग ती किती स्वस्त उरते ते बघा.

आणखी एक: २०१३ची गाडी २०२८ला पंधरा वर्षांची होते. त्यानंतर फिटनेस करून पाच वर्षांसाठी नोंदणी वाढते, वर पर्यावरण कर. इटिऑसच्या भावात हे धरायला हवं.

इनोव्हा आणि बोलेरोचं कुणी सुचवेल. इनोव्हाचं इंजिन दणकट आहे, पण या पैशांत येणारी इनोव्हा थकलेलीच असते. बोलेरो शेतावर जाणाऱ्याने घ्यावी, रोज साठ किलोमीटर हायवेने कामावर जाणाऱ्याने नाही.

भावाला काय सांगितलं

गावाजवळ ओळखीचा मिस्त्री, रोजचं शहरातलं चालणं, पार्ट दुसऱ्या दिवशी हातात हवा: डिझायर. लांबचा रस्ता, मागे आई-वडील, भरपूर सामान: इटिऑस. सारख्या तब्येतीच्या दोन गाड्या असत्या तर सिन्नर-अंबड फेरीसाठी मी डिझायरच म्हणालो असतो. पण दोन लाख किलोमीटरच्या पुढे कंपनीचं नाव दुसऱ्या नंबरवर जातं. पहिल्या नंबरवर असते ती त्या एका गाडीची तब्येत.

डिझायरच्या मालकाकडे शेवटच्या दोन सर्व्हिसच्या पावत्या होत्या, त्याआधीचं काही नाही, आणि चेनचा आवाज. चेनचे पंचवीस हजार कमी करायला तो तयार झाला नाही. इटिऑसवाले निवृत्त शिक्षक, पहिलेच मालक, गाडी कायम पांढऱ्या पाटीवर. त्यांनी कपाटातून प्लास्टिकची फाइल आणली. पहिल्या सर्व्हिसपासून प्रत्येक बिल तारखेनुसार लावलेलं, प्रत्येकावर किलोमीटरचा आकडा, १,७०,०००ला बदललेल्या क्लचचंही बिल. सकाळी थंड गाडी अर्ध्या सेलमध्ये सुरू झाली. झाकण जागेवर राहिलं. पुढच्या डाव्या बाजूला लिंक रॉड वाजत होता आणि एसी थोडा कमी गार होता, ते त्यांनी विचारायच्या आत सांगितलं.

२ लाख ६५ हजारांवर बोलणं झालं. ५ हजार टोकन दिलंय. ऑइल, सगळे फिल्टर, कूलंट, लिंक रॉड, एसी आणि अचानक निघणाऱ्या कामासाठी भावाने ४० हजार वेगळे काढून ठेवलेत. शनिवारी गाडी लिफ्टवर चढवायची, चार बाटल्यांची परीक्षा करायची, आणि दोन्ही फॉर्मवर सह्या झाल्या की उरलेले पैसे द्यायचे.