उन्हाळ्यात हिरव्यागार लॉनची ‘गॅरंटी’ देणारे दारात आले तर

जुळे सोलापूर, विजापूर रोड, होटगी रोड या भागांत ज्यांच्या घरापुढे लॉन आहे त्यांनी हे जरूर वाचावं. एप्रिलच्या शेवटी आमची जी फसवणूक झाली, तीच आमच्या गल्लीत आणखी दोन घरांत झाली आहे. ती माणसं अजून कुठेतरी फिरत असणार.

दोघे होते. मोटारसायकल, पाठीवर फवारणीचा पंप, गळ्यात कुठल्याशा कंपनीचं ओळखपत्र. “काकू, लॉन जळायलंय बघा. आमचं औषध घातलं की आठवड्यातनं एकदाच पाणी द्यायचं, पावसाळ्यापर्यंत हिरवं राहतंय, गॅरंटी.” नळाला काही दिवसांआड पाणी, बोअर आटत आलेली, पारा बेचाळीसच्या वर. अशा वेळी ‘आठवड्यातनं एकदाच’ हे शब्द सोलापूरच्या माणसाला कुठे जाऊन लागतात, ते त्यांना पक्कं ठाऊक होतं.

मग प्रयोग. स्वतःच्या बाटलीतलं पाणी ग्लासात ओतलं, चिमूटभर पांढरे दाणे टाकले. थोड्याच वेळात ग्लासभर जेली झाली. नंतर लॉनच्या एका कोपऱ्यावर फवारा मारला, “पैसे आत्ता नकोत, रिझल्ट बघा,” म्हणाले. दोन-तीन दिवसांत कोपरा गर्द हिरवा दिसायला लागला. ते परत आल्यावर ह्यांनी सहा हजार रुपये दिले. पूर्ण लॉनवर दाणे पसरले, फवारणी केली. बिल व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवतो म्हणाले.

आठवडाभर लॉन देखणं होतं. त्यानंतर पात्यांची टोकं पांढरी पडली आणि बघता बघता गवताचा पेंढा झाला. कडेच्या मोगऱ्याची पानंही करपली. तो मोगरा सासूबाईंच्या हातचा. मोगरा उन्हाला भिणारं झाड नाही, उलट याच दिवसांत भरभरून फुलतो. तो करपलेला पाहून माझ्या पोटात कालवलं. त्या दोघांचा फोन तोवर बंद झाला होता.

शेजारचे काका कृषी खात्यातून निवृत्त झालेले. त्यांनी राहिलेली पिशवी मागवली आणि आमच्यासमोर एकेक गोष्ट तपासली. ओला पांढरा रुमाल पात्यांवरून फिरवला, तो हिरवा झाला. फवाऱ्यात रंग होता! पिशवीतले बरेचसे दाणे पाण्यात टाकताच विरघळले आणि ग्लास हाताला गार लागला. युरिया विरघळताना पाणी असंच गार होतं. युरियात ४६ टक्के नत्र असतं. त्यामुळे गवत काही दिवस तरारतं, पण तापलेल्या, अर्धवट कोरड्या मातीत असा ढीगभर युरिया पडला की मुळांना मिळायचं पाणीच तुटतं. वर आम्हाला पाणी कमी द्यायला सांगितलेलं. आमचं लॉन त्यानंच गेलं.

न विरघळणारे थोडे दाणे खरंच जेलचे होते. मातीत पाणी धरणारं हायड्रोजेल ही खोटी वस्तू नाही, दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेनंही ‘पुसा हायड्रोजेल’ तयार केलं आहे. पण ते मुळांजवळ मातीत मिसळावं लागतं, वरून भुरभुरून उपयोग नाही. शिवाय क्षारांच्या पाण्यात ते फारसं फुगत नाही. काकांनी तेच दाणे आमच्या बोअरच्या पाण्यात टाकले, तळाशी जेमतेम थर जमला. ती माणसं स्वतःची बाटली का घेऊन फिरतात ते तेव्हा समजलं.

आणखी एक गोष्ट आम्हाला आधी कुणी सांगितली नव्हती. कडक उन्हात लॉन पिवळं पडलं म्हणजे ते मेलं असं नाही. हरळीच्या जातीचं गवत वरून वाळतं, पण खाली गाठी जिवंत ठेवतं. मूठभर धरून ओढावं. घट्ट धरून राहिलं आणि बुडाशी पांढरट-हिरवं दिसलं तर ते जगणार. त्याला पहाटे, खोलवर मुरेल असं पाणी द्यावं आणि कापणी उंच ठेवावी. झाडांच्या बुंध्याशी उसाचं पाचट अंथरावं, आपल्या जिल्ह्यात त्याला तोटा नाही. कुंड्यांवर दुपारी हिरवी शेडनेट बांधावी. मे महिन्यात गर्द हिरवळीचा हट्ट धरू नये, हे माझं स्पष्ट मत झालं आहे.

कुणी खत विकायला आलं तर पिशवी हातात घेऊन वाचा. खत नियंत्रण आदेश, १९८५ प्रमाणे उत्पादकाचं नाव, घटकांचं प्रमाण आणि वजन त्यावर छापलेलं असावं लागतं, आणि विक्रेत्यानं बिल द्यावंच लागतं. आमच्या पिशवीवर नुसतं एका पानाचं चित्र होतं. आम्ही तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे लेखी तक्रार दिली आहे. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. पिशवी, उरलेले दाणे, पैसे पाठवल्याचा स्क्रीनशॉट, काहीही फेकू नका.

आणि तुमच्या लॉनवर हे दाणे कालपरवाच पडले असतील तर आधी दिसतील तेवढे झाडून गोळा करा. मग लागलं तर टँकर मागवा, पण माती खोलवर भिजेल इतकं भरपूर पाणी लगेच सोडा, म्हणजे युरिया मुळांच्या खाली उतरेल. गल्लीतल्या एका घरानं वेळेत एवढं केलं, त्यांचं निम्मं लॉन वाचलं.