पीयूसी फेल झाली म्हणून गाडी दुसऱ्याच्या ताब्यात दिली, आणि सायलेन्सर रिकामा होऊन आला

मी जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेला मास्तर. यवतमाळ जिल्ह्यात राहतो. पाचवीच्या पोरांना वीस वर्षं दशांश अपूर्णांक शिकवले. ०.८ मोठा की ०.५, हे फळ्यावर किती वेळा लिहिलं असेल त्याचा हिशोब नाही. हे आधीच सांगतो, कारण पुढे जे झालं ते एका दशांश चिन्हाकडे न पाहिल्यामुळे झालं.

गाडी मारुती इको, पेट्रोल, २०१० ची. गावाकडे तिला पर्याय नाही. शकुंतला रेल्वे चालू होती तोवर निदान मूर्तिजापूरकडे जायला रडतखडत काहीतरी होतं. आता एसटीची वाट पाहा, नाहीतर स्वतःची गाडी काढा. आईला दर महिन्याला सावंगीच्या दवाखान्यात दाखवायला न्यावं लागतं, म्हणून इको विकली नाही. गेल्या वर्षी तिला पंधरा वर्षं पूर्ण होत होती. पंधरा वर्षांनी आरसीची मुदत संपते, पुन्हा नोंदणी करावी लागते. मोटारीसाठी ही फी २०२२ पासून ६०० ची ५,००० झाली आहे, उशीर केला की महिन्याला ५०० रुपये वेगळे, शिवाय पर्यावरण कर. आणि या सगळ्याआधी हातात चालू विमा आणि चालू पीयूसी, म्हणजे गाडीच्या धुराच्या तपासणीचा दाखला, पाहिजे.

पोळा झाल्यावर एका बाजाराच्या दिवशी तालुक्याला गेलो. (तालुक्याचं नाव घेत नाही. इकडच्या लोकांना कळेलच.) पीयूसीवाल्याकडे पाच-सहा गाड्या उभ्या होत्या. मी इंजिन बंद करून झाडाखाली पाऊण तास बसलो. नंबर आला, गाडी चालू केली, त्या पोरानं लगेच सायलेन्सरमध्ये नळी घातली, नंबर प्लेटचा फोटो काढला आणि म्हणाला, "फेल." सव्वाशे रुपये घेतले आणि चिठ्ठी दिली.

त्या चिठ्ठीवर दोन आकडे होते. कार्बन मोनॉक्साइड ०.८ टक्के, मर्यादा ०.५. हायड्रोकार्बन मर्यादेच्या आत. म्हणजे गाडी थोडक्यासाठी नापास होती. पस्तीसला पास, आणि पोराला बत्तीस मार्क. पण मी "फेल" हा शब्द ऐकला, चिठ्ठी घडी करून वरच्या खिशात टाकली आणि आता आरसी गेली असं धरून बसलो.

तिथेच टपरीवर एक जण उभा होता. चाळिशीचा, स्वच्छ शर्ट, कानाला फोन. माझा चेहरा पाहूनच आला.

"गुरुजी, फेल झाली का जी? काई टेन्शन घेऊ नका. जुन्या गाडीले होतेच हे. सायलेन्सरमंदी कार्बन धरला हाय. खोलून धुवा लागते."

"किती लागतील?"

"आपल्या ओळखीचं ग्यारेज हाय. तुम्ही बाजार करून या, चार वाजेलोक गाडी पास करूनच देतो. पीयूसीचा कागदबी मीच आणून देतो. तुम्ही काहून चकरा माराल?"

मी गुरुजी आहे हे त्याला कसं कळलं, हा प्रश्न मला तेव्हा पडला नाही. अर्थात, टोपी, पिशवी आणि खिशाला पेन पाहून कोणीही ओळखेल. मी किल्ली दिली. पंधरा वर्षांत पहिल्यांदा गाडी अनोळखी माणसाच्या हाती देऊन मी खताच्या दुकानाकडे निघालो.

साडेचारला गाडी मिळाली. साध्या कागदावर बिल: सायलेन्सर वॉश २,२००, एअर फिल्टर ४५०, चार प्लग ९५०, आणि "पासिंग" म्हणून १,२००. एकूण ४,८००. बिलावर ना दुकानाचं नाव, ना शिक्का. जुने पार्ट मागितले तर म्हणाला, "भंगारात टाकले जी." सोबत पीयूसीचा कागद, क्यूआर कोड, माझ्या गाडीचा फोटो, सगळं अगदी झकास. कार्बन मोनॉक्साइड ०.२१. मला बरं वाटलं. घरी येताना गाडीचा आवाज जरा भरडा वाटला, मागे पेट्रोलचा उग्र वासही येत होता. आई म्हणाली, "डोळे चुरचुरून राह्यले." मी तिला सांगितलं, धुतलेला सायलेन्सर आहे, सुकला की जाईल.

सोयाबीन निघेपर्यंत महिनाभर तशीच वापरली. ऑक्टोबरमध्ये कागद घेऊन यवतमाळला आरटीओत गेलो. खिडकीतल्या माणसानं संगणकावर गाडीचा नंबर टाकला आणि माझ्या कागदाकडे पाहिलं. "सर, तुमची पीयूसी तर संपलेली दाखवते. हा कागद कुठून आणला?" मी म्हटलं, तालुक्यावरून. त्यानं स्वतःच्या मोबाइलवर कोड स्कॅन केला. उघडली ती एका मोटारसायकलची नोंद. नंबर वेगळा, जिल्हा वेगळा. दुसऱ्याच्या खऱ्या पीयूसीचा कोड उचलून माझ्या कागदावर डकवला होता. फोटो मात्र माझ्याच गाडीचा. तो काढायला गाडी त्यांच्या ताब्यात होतीच.

तो माणूस चांगला होता. आवाज न चढवता म्हणाला, "सर, खोटा कागद खरा म्हणून दाखवणं हा गुन्हा आहे. तुमच्या वयाकडे पाहून सांगतो, हा इथेच फाडू नका, पोलिसात दाखवायला ठेवा. आणि खरी टेस्ट करून या." पीयूसी नसेल तर कायद्यात १०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद आहे, हे मला ठाऊक होतं. खोटी पीयूसी घेऊन मी महिनाभर फिरत होतो, हे मात्र त्या खिडकीसमोर उभं राहून कळलं.

आता वाटतं, मला तेव्हाच कळायला हवं होतं. खरी पीयूसी निघते तेव्हा मालकाच्या मोबाइलवर संदेश येतो. मला आला नव्हता, कारण माझा नंबर कोणी विचारलाच नव्हता. आणि परिवहनच्या वेबसाइटवर गाडीचा नंबर आणि चेसिसचे शेवटचे पाच अंक टाकले की पीयूसी आहे की नाही, ते दोन मिनिटांत दिसतं. आता माझी पुतणी सगळ्यांचं पाहून देते, गावातल्या ट्रॅक्टरवाल्यांचंसुद्धा.

यवतमाळमध्येच दुसऱ्या ठिकाणी खरी टेस्ट केली. कार्बन मोनॉक्साइड ३.६ टक्के. ०.८ वर नापास झालेली गाडी ४,८०० रुपये खर्च करून ३.६ वर गेली. त्या टेस्टवाल्यानेच एका जुन्या मिस्त्रीकडे पाठवलं.

मिस्त्रीनं आधी काही खोललं नाही. गाडी रॅम्पवर घेतली, खाली गेला आणि सायलेन्सरवर पान्ह्यानं टकटक केलं. टम टम, रिकाम्या डब्यासारखा आवाज. मग त्यानं हातातल्या बॅटरीच्या उजेडात नवा वेल्डिंगचा डाग दाखवला. जुन्या गंजलेल्या लोखंडावर चमकणारी वितभर रेघ. म्हणाला, "गुरुजी, याची माती काढून घेतली."

माती म्हणजे काय, ते मला तेव्हा पहिल्यांदा कळलं. सायलेन्सरच्या नळीत कॅटॅलिटिक कन्व्हर्टर नावाचा डबा असतो. आत मधाच्या पोळ्यासारखी बारीक भोकांची चिनीमातीची वीट, आणि तिच्यावर प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम या महागड्या धातूंचा पातळ थर. इंजिनातून आलेला विषारी कार्बन मोनॉक्साइड त्या थरावरून जाताना कार्बन डायऑक्साइड होतो, न जळलेलं पेट्रोलही तिथेच जळतं. ही वीट फोडून तिचा चुरा वजनावर विकला जातो. इकोचे सायलेन्सर म्हणून तर रात्रीतून चोरीला जातात, अशा बातम्या किती वेळा पेपरात वाचल्या होत्या. माझं काम त्याहून सोपं झालं. चोराला रात्री यावं लागलं नाही, मी भरदिवसा किल्ली दिली आणि वर मजुरीही दिली.

मग त्यानं पुढची सीट उचलली. इकोचं इंजिन सीटखालीच असतं. क्लिपांवर धूळ जशीच्या तशी. एअर फिल्टर काढला तर काळाकुट्ट, त्यात कापसाची बोंदरं अडकलेली. प्लगही जुनेच. बिलावरचं एकही काम झालेलं नव्हतं, सायलेन्सर खोलणं सोडून.

मी पाकिटातून ती पहिली चिठ्ठी काढून त्याला दाखवली. तो बराच वेळ पाहत राहिला. "०.८ होता फक्त? गाडी थंड होती काय?" मी झाडाखालच्या पाऊण तासाचं सांगितलं. मग त्यानं समजावलं की ती वीट तापल्याशिवाय काम करत नाही, अडीचशे-तीनशे अंशांपर्यंत गरम व्हावी लागते. थंड गाडीला नळी लावली तर चांगली गाडीही नापास होऊ शकते. त्याचा अंदाज असा की त्या दिवशी मी गाडी पंधरा-वीस मिनिटं रस्त्यावर चालवून, इंजिन बंद न करता परत आणली असती आणि फिल्टर व प्लग बदलले असते, तर काम हजार-बाराशेत झालं असतं. "आणि गुरुजी, ही वीट अ‍ॅसिडनं धुवत नाहीत. धुतली तर वरचा थर जातो. सायलेन्सर धुतो म्हणणारा माणूस दिसला की किल्ली खिशात ठेवायची."

मला राग त्या टपरीवरच्या माणसापेक्षा पीयूसीवाल्या पोराचा जास्त आला, हे कबूल करतो. तो त्यात सामील होता की नाही, मी सांगू शकत नाही. पण "काका, गाडी जरा फिरवून आणा" एवढं म्हणायला त्याचं काय जात होतं?

कंपनीच्या नव्या सायलेन्सरचा भाव ऐकून मी स्टुलावर बसलो. शेवटी मिस्त्रीनं बाहेरचा कन्व्हर्टर बसवला. बसवणं धरून ११,५०० रुपये, वर फिल्टर, प्लग, ऑइल. गाडी बायपासला फिरवून गरम गरम टेस्टला नेली. कार्बन मोनॉक्साइड ०.३. पास. मोबाइलवर संदेश आला तो मी दोनदा वाचला. भारत स्टेज ३ (धुराच्या सरकारी मानकांचा जुना टप्पा) ची गाडी म्हणून पीयूसी सहा महिन्यांचीच मिळते, स्टेज ४ पासूनच्या गाड्यांना वर्षभराची. आरसीचं काम दिवाळीनंतर झालं. आईचं म्हणणं, आता डोळे चुरचुरत नाहीत.

पोलिसात अर्ज दिला, सोबत बिल, खोटी पीयूसी, दोन्ही चिठ्ठ्या. आरटीओतही लेखी दिलं. त्या माणसाचा फोन तेव्हापासून बंद आहे. पीयूसीवाला म्हणतो, हा कागद आमचा नाही, त्या माणसाला आम्ही ओळखत नाही. गॅरेज कुठलं, हे मला सांगताच आलं नाही, कारण मी ते पाहिलंच नव्हतं. ठाणेदार म्हणाले, आणखी कोणी तक्रारदार असेल तर काम पुढे जाईल.

म्हणून हे लिहितो आहे. आमच्या भागात गेल्या वर्षभरात कोणी इको किंवा दुसरी जुनी पेट्रोल गाडी बाजाराच्या दिवशी "सायलेन्सर धुवायला" दिली असेल, तर इंजिन थंड असताना गाडीखाली वाकून त्या डब्यावर पान्ह्यानं ठोकून पाहा. डबा भरीव वाजला तर देवाची कृपा. टम टम वाजला आणि जवळ ताजं वेल्डिंग दिसलं, तर बिल सांभाळून ठेवा, गाडीचा फोटो काढा आणि पोलिसात या. माझ्या अर्जाची पोच माझ्याजवळ आहे, तिच्यावरचा नंबर देतो.