साठीतल्या डोळ्यांना होलोसन ५०७सी

प्रोग्रेसिव्ह चष्म्यातून (वरून लांबचं, खालून जवळचं दिसणारा) पिस्तुलाची पुढची माशी स्पष्ट दिसावी म्हणून मान मागे टाकावी, तर लक्ष्य पुसट! रेड डॉटमध्ये, म्हणजे काचेत उजळ ठिपका दाखवणाऱ्या होलोसन ५०७सीसारख्या साइटमध्ये, ही कटकट नाही. नजर लक्ष्यावरच ठेवायची, ठिपका तिथेच दिसतो.

इथे ह्यूस्टनला माझ्या ग्लॉक १९ एमओएस पिस्तुलावर (यात अशी साइट बसवायची सोय असते), अडॅप्टर प्लेट लावून, ५०७सी बसवलंय. २ एमओएचा (एमओए म्हणजे कोनाचं माप, अंशाचा साठावा भाग) ठिपका, ३२ एमओएचं वर्तुळ किंवा दोन्ही, बटणाने निवडता येतं. ॲस्टिग्मॅटिझममुळे (डोळ्याच्या वक्रतेतला दोष) मला नुसता ठिपका शेपूट फुटल्यासारखा दिसतो. मोबाइलने काचेतून फोटो काढला, तर त्यात अगदी गोल! म्हणजे माल चोख, डोळेच आमचे बिघडलेले. ब्राइटनेस उतरवला की शेपूट आखडते, आणि सोबत वर्तुळ लावलं की तिच्याकडे लक्षही जात नाही. माझ्यासाठी पैसे वसूल झाले ते या वर्तुळामुळे.

सीआर१६३२ सेल बाजूच्या खणात असतो, त्यामुळे तो बदलायला साइट उतरवावी लागत नाही. हिरव्या ठिपक्याचं मॉडेलही मिळतं, काहींना ते जास्त रेखीव दिसतं. दुकानात जाताना रोजचाच चष्मा लावून जा, आणि काउंटरवरच्या झगमगाटात नाही, दाराबाहेरच्या उजेडात बघायला मागा.