पाव इंची फूट: त्रिकोणांच्या गोधडीसाठी पात्याचा घ्यावा की बिनपात्याचा?

त्रिकोणांची टोकं कापली गेली, ओळी एकमेकींना लागेनात, की खापर कात्रीवर फुटतं. पण बऱ्याचदा चूक मशीनच्या फूटमध्ये, म्हणजे सुईखाली कापड दाबून धरणाऱ्या पायात असते. तुकडेजोडीत माया, म्हणजे शिवणीबाहेर सोडायचं कापड, पाव इंच, म्हणजे दोन सूत धरतात. साध्या फूटची उजवी कड सुईपासून नेमकी तेवढ्यावर असेलच असं नाही; मशीनगणिक ती बदलते. आठ चौकोनांच्या ओळीत सात शिवणी येतात. प्रत्येक शिवणीत दोन्हीकडे अर्धा अर्धा सूत जास्त गेला, तर ओळ सात सूत आखूड. जवळजवळ इंच गेला की!

त्यासाठी पाव इंची फूट मिळतो, आणि तो दोन प्रकारचा असतो. एकाच्या उजव्या कडेला खाली उतरलेलं पत्र्याचं पातं असतं, कापडाची कड त्याला टेकवून शिवायची. दुसऱ्याला पातं नसतं, फूटची कड हीच खूण. नवशिक्याला पात्याचा आवडतो, कारण सरळ पट्ट्या जोडताना हात भरकटत नाही. त्रिकोणांसाठी मात्र आमची पसंती बिनपात्याला.

कारण त्रिकोण जोडण्याच्या रीतीत आहे. दोन चौकोन सुलट बाजू आत ठेवून एकावर एक घ्यायचे, वरच्याच्या उलट बाजूला कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत रेघ मारायची, रेघेच्या दोन्ही अंगांना पाव इंचावर टाके घालायचे आणि रेघेवर कापायचं. दोन त्रिकोणांचा एक, असे दोन दुरंगी चौकोन मिळतात. इथे शिवण कापडाच्या मधोमध चालते. पातं टेकवायला कड नसते. ते कापडावरच घासत जातं, चुणी पाडतं, आणि रेघ उरेब, म्हणजे तिरक्या धाग्यावर असल्याने कापड ताणलंही जातं. बिनपात्याच्या फूटची कड रेघेवरून निवांत सरकते.

माप असं: गोधडीत चारही बाजूंनी जोडून झाल्यावर चौकोन ३ इंचांचा हवा, तर ३ इंच ७ सुतांचे चौकोन कापा, असा हिशेब सांगतात. तो बरोबर आहे, पण चुकायला जागा ठेवत नाही. सरळ ४ इंचांचे कापा. जोडून, इस्त्री करून, अ‍ॅक्रिलिकच्या चौकोनी पट्टीची ४५ अंशांची रेघ शिवणीवर बसवा आणि चारही कडा तासून साडेतीन इंच करा. एकूण सूतभरच कापड जातं. फूट कितीही चांगला असला तरी ही तासणी टाळू नका. एक रीत मात्र टाळाच: चौकोनांच्या चारही कडा शिवून मग दोन्ही कर्णांवर कापायचं. चार चौकोन झटपट निघतात खरे, पण सगळ्या बाहेरच्या कडा उरेब येतात आणि इस्त्रीखाली लांबतात.

विकत घेताना जुना फूट काढून सोबत न्या. घरगुती मशीनची फूट बसवायची दांडी बहुधा आखूड असते, कारखान्यातल्या जुकी कंपनीच्या मशीनची उंच. एकाचा फूट दुसऱ्याला लागत नाही. नाशिकच्या मेन रोडला किंवा रविवार कारंज्याला जाऊन नुसतं ‘क्विल्टिंगचा फूट’ मागितलं, तर चालता फूट किंवा रफूचा फूट हातात पडू शकतो. ‘पाव इंची, बिनपात्याचा’ असंच सांगा. खटक्याचा असेल तर बसवून डावी-उजवीकडे हलवून पाहा. डुगडुगला तर स्क्रूचा घ्या.

घरी आल्यावर परीक्षा एकच. दीड इंची तीन पट्ट्या जोडा, इस्त्री करा, मधली मोजा. बरोबर १ इंच भरली पाहिजे. कमी भरली तर शिवण एक-दोन धागे कापडाच्या कडेकडे घ्या. शिवण दुमडताना कापडाची जाडी थोडं माप खातेच, त्यामुळे पाव इंचाला किंचित कमी हेच खरं पाव इंच.

या फूटचं एक दुखणं आहे. सुईचं भोक बारीक असतं. झिगझॅग चालू राहिलं किंवा सुई मध्यावरून सरकलेली असली, तर पहिल्याच टाक्याला सुई तुटते. चाक आधी हाताने एक फेरा फिरवा. दुसरी तक्रार फूटवर येते, पण त्याची नसते: त्रिकोणाचा कोपरा मशीन गिळतं. सुईखालच्या झिगझॅगच्या प्लेटचं रुंद भोक त्याला कारण. सरळ टाक्याची प्लेट मिळाली तर उत्तम, नाहीतर आधी एक चिंधी शिवायला घ्या आणि धागा न तोडता तिच्या मागोमाग कोपरा सरकवा.

मालेगावच्या यंत्रमागाचं सुती कापड असो वा जुन्या लुगड्याचं, कापण्याआधी धुवा आणि खळ द्या. लुगड्याचं कापड इतकं मऊ पडलेलं असतं की खळ नसेल तर कुठलाच फूट उपयोगाचा नाही. येवल्याच्या पैठणीचे रेशमी तुकडे वापरायचे तर मागून पातळ चिकट अस्तर लावा, नाहीतर मायेतले धागे सुटत राहतात. इस्त्री घासू नका, ठेवा आणि उचला.

हाताने धावदोरा घालून गोधडी शिवणाऱ्यांनी यावर पैसे घालवू नयेत. मशीनवर पन्नासेक चौकोन जोडायचे असतील तर आधी हा फूट घ्या, चौकोनी पट्टी त्यानंतर लगेच. ओळीला ओळ जोडताना मागच्या शिवणींची फुली दिसते, तिच्या मध्यबिंदूच्या एक धागा बाहेरून, मायेच्या बाजूने, सुई न्या. टोक शाबूत राहतं.