जर्मनीतला चार आठवड्यांचा समर कोर्स: परत येऊन सात महिने झाल्यावर

ऑगस्ट २०२५ मध्ये मी जर्मनीत चार आठवड्यांचा भाषेचा समर कोर्स करून आले. परतल्या परतल्या लिहिलं असतं तर नुसतं कौतुक झालं असतं: नदी, जुने पूल, रात्री नऊपर्यंतचा उजेड. आता सात महिने झालेत. मध्ये एक परीक्षा झाली, कॉलेजची एक टर्म कशीबशी पार पडली, आणि घरच्यांनी घातलेल्या पैशांतून हातात काय उरलं ते आता नीट सांगता येतं.

मी पुण्यात बी.ए. जर्मनच्या दुसऱ्या वर्षाला आहे. सुरुवात फर्ग्युसन रस्त्यावरच्या रानडे इन्स्टिट्यूटमधल्या सर्टिफिकेट कोर्सने झाली, आणि जाण्याआधी बोट क्लब रोडवरच्या मॅक्सम्युलर भवनात बी-वनची परीक्षा (ए-वन, ए-टू, बी-वन, बी-टू, सी-वन, सी-टू या सहा पायऱ्यांतली तिसरी) पास झाले होते. जिथे गेले त्या विद्यापीठाचं नाव लिहीत नाही, कारण पुढे काही तक्रारी आहेत आणि त्या एकाच वर्षाच्या अनुभवावरून आहेत. दक्षिण जर्मनीतलं जुनं, लहानसं विद्यापीठाचं शहर, एवढं पुरे.

सगळ्यात आधी ती गोष्ट, जी मला कुणीच सांगितली नव्हती. 'समर' हा त्यांचा समर आहे, आपला नाही. आपली सुट्टी एप्रिल-मेमध्ये. त्यांच्याकडे वर्ग जुलैअखेरपर्यंत चालतात, त्यामुळे असे बरेच कोर्स ऑगस्टमध्ये असतात. म्हणजे पुण्यात श्रावण, धो धो पाऊस, आणि टर्म ऐन भरात. माझा कोर्स ४ ते २९ ऑगस्ट होता. त्या काळात एक इंटर्नल बुडली, दोन सबमिशन्स राहिली, आणि हजेरी ७५ टक्क्यांच्या खाली गेली. आधी अर्ज दिला होता, विभागातल्या मॅडमनी तोंडी 'जा' म्हटलं होतं. पण ऑक्टोबरमध्ये ऑफिसात ते तोंडी बोलणं कामाला आलं नाही. इंटर्नल पुन्हा देण्यासाठी तीन आठवडे खेटे घातले. कोर्सच्या सर्टिफिकेटवर सहा क्रेडिट्स आहेत, ती माझ्या मार्कशीटवर आजही कुठे नाहीत. जाणार असाल तर जूनमध्येच लेखी परवानगी, सही-शिक्क्यासह, घेऊन ठेवा. क्रेडिट्स इकडे धरणार की नाही तेही त्याच कागदावर लिहून घ्या.

खर्च. कोर्सची फी ६९० युरो, हॉस्टेलची खोली ३८०, जेवण आणि किरकोळ ४५०, फिरणं ११०, महिन्याचा रेल्वे-बसचा पास ५८. युरो तेव्हा शंभर रुपयांच्या आसपास होता. विमानाचं तिकीट मुंबईहून जाऊन-येऊन ५८ हजार, व्हिसाला सगळं मिळून साडेअकरा हजार, विमा अडीच हजार. बेरीज दोन लाख एक्केचाळीस हजार. आजीने माझ्या नावाने ठेवलेली एफडी मोडली, उरलेले बाबांनी घातले. हा आकडा आमच्या घराला लहान नाही, म्हणून या कोर्सबद्दल मला सैल बोलता येत नाही. डाडची (DAAD, परदेशी विद्यार्थ्यांना शिष्यवृत्त्या देणारी जर्मन संस्था) शिष्यवृत्ती तेव्हा अशा उन्हाळी कोर्सना होती, पण तिचा अर्ज आदल्या हिवाळ्यातच करावा लागायचा. मला ते फेब्रुवारीत कळलं.

नव्वद दिवसांच्या आतला कोर्स असल्यामुळे शेंगेन व्हिसा (युरोपातल्या बऱ्याच देशांचा मिळून एकच, थोड्या मुक्कामाचा) चालतो. फी ९० युरो, विमा किमान ३० हजार युरोंचा. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, आणि खरी अडचण अपॉइंटमेंटची असते, कारण मे-जूनमध्ये फिरायला जाणाऱ्यांचीही गर्दी असते. प्रवेशाचं पत्र हातात येईल त्याच दिवशी तारीख शोधायला बसा. पासही नीट समजून घ्या. डॉइचलांड-टिकेट दर महिन्याला आपोआप पुढे चालू राहतं. त्या महिन्याच्या १० तारखेपर्यंत रद्द केलं नाही तर पुढच्या महिन्याचे पैसे कापले जातात. लांब पल्ल्याच्या जलद गाड्यांना ते चालत नाही, पण लोकल, प्रादेशिक गाड्या, ट्राम, बस सगळ्यांना चालतं.

मी शनिवारी रात्री उशिरा पोचले आणि रविवारी तिथे दुकानं बंद असतात. आईने बांधून दिलेल्या दशम्या आणि मेतकूट नसतं तर तो दिवस कठीण गेला असता. जमलं तर शुक्रवारी पोचा. तूप, पेढे, बर्फी मात्र बॅगेत भरू नका. युरोपात बाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ न्यायला बंदी आहे.

आता अभ्यासाबद्दल. पहिल्या दिवशी चाचणी झाली. लेखीत मी बी-टूला बसत होते, तोंडीत नाही, म्हणून बी-वनच्या वरच्या गटात टाकलं. वाईट वाटलं, पण तो निर्णय बरोबर होता. पुण्यात आपण व्याकरण फार पक्कं शिकतो. वर्गात इटली, स्पेन, जपान, इजिप्त, ब्राझीलची मुलं होती. विभक्तीच्या स्वाध्यायांत मी त्यांच्यापेक्षा पुढे असायचे आणि दुपारी बेकरीत बाईंनी दोन वाक्यं बोलली की गप्प व्हायचे.

पहिल्याच आठवड्यात सहलीची बस 'हाल्ब आख्ट'ला होती. हाल्ब म्हणजे अर्धा, आख्ट म्हणजे आठ. मी साडेआठला पोचले. बस साडेसातला गेली होती. हे मला ए-वनपासून माहीत होतं, पेपरात कधी चुकलं नव्हतं. पण कानावर पडलं तेव्हा मनाने साडेआठच ऐकलं. त्या रिकाम्या थांब्यावर बसून खूप रडू आलं, कारण बस चुकण्यापेक्षा तीन वर्षं आपण नक्की काय शिकलो हा प्रश्न मोठा होता.

मग त्याच संध्याकाळी एक गोष्ट सुचली, ती मराठी मुलांना सांगायलाच हवी. आपला 'अडीच' मुळात संस्कृत 'अर्धतृतीय'. म्हणजे तिसरा अर्धा. जर्मन 'हाल्ब द्राय', अर्धा तीन, हे तेच: अडीच वाजले. 'दीड' आणि जर्मन 'आंडरटहाल्ब' यांचं नातंही असंच, दुसरा अर्धा. आकड्यांचंही तसंच आहे. 'आइन-उंट-स्वान्सिश' म्हणजे एक आणि वीस, आपला एकवीस. इंग्रजीतून जर्मन शिकलं की हे उलटं वाटतं. मराठीतून शिकलं तर ते आधीच आपल्या तोंडात आहे. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणितात 'वीस एक' आल्यावर घरात वाद झाला होता, तो मला तिथे आठवला. तीन लिंगंही आपल्याला नवी नाहीत. चमचा तो, काटा ती, सुरी ते असं जर्मनमध्ये आहे. शब्दागणिक पाठ करावं लागतं, पण वस्तूला लिंग असतं हे आपल्याला पटवावं लागत नाही. माझ्या जपानी मैत्रिणीला तेच सगळ्यात जड जात होतं. इतकी वर्षं मी जर्मन इंग्रजीच्या आधाराने शिकत होते. आता वहीत एका बाजूला मराठीच लिहिते.

दुसरी मोठी गोष्ट स्वयंपाकघरात शिकले. आमच्या मजल्यावर एक जर्मन मुलगी होती, बायोलॉजीची, प्रबंधासाठी सुट्टीतही थांबलेली. ती 'डॉख', 'माल', 'हाल्ट', 'या' हे छोटे शब्द प्रत्येक वाक्यात घालायची. शब्दकोशात त्यांचे अर्थ बघितले तर काहीच हाती लागत नाही. मग लक्षात आलं की आपणही 'ये' असं नुसतं म्हणत नाही. 'ये ना', 'ये की', 'जरा ये', 'येच तू'. 'कॉम डॉख' म्हणजे 'ये की'. 'कॉम माल' म्हणजे 'जरा ये'. हे कळलं त्या दिवसापासून तिची वाक्यं माझ्या कानात तुटेनाशी झाली. तिची एक पद्धत मला फार आवडली: रोज संध्याकाळी माझी एकच चूक निवडायची आणि बरोबर वाक्य चिठ्ठीवर लिहून फ्रिजवर लावायची. एकच. मी २२ चिठ्ठ्या घरी आणल्या, त्या टेबलासमोर चिकटवल्या आहेत. वर्गातल्या कोणत्याही छापील कागदापेक्षा त्यांचा उपयोग जास्त झाला.

वर्गाबद्दलच्या तक्रारी अशा. माहितीपत्रकात एका वर्गात पंधरा विद्यार्थी लिहिले होते, आम्ही १९ होतो. साडेतीन तासांत प्रत्येकाला बोलायला किती वेळ येणार? दुपारची संस्कृतीवरची व्याख्यानं स्लाइड वाचून दाखवायची. हॉस्टेल वर्गापासून बसने ४० मिनिटं. आणि सगळ्यात मोठी अडचण इंग्रजी: वेगवेगळ्या देशांची मुलं एकत्र आली की वर्गाबाहेर पाऊल टाकताच इंग्रजीच सुरू होतं. आम्ही चौघी भारतीय होतो, पहिले दहा दिवस एकत्र जेवलो, हिंदीत. नंतर मी आठवड्यातून एकदाच त्यांच्यात बसायला लागले. एकीला ते लागलं, मलाही जड गेलं. पण चार आठवड्यांतले दहा दिवस निघून गेले होते. शिक्षिका मात्र फार चांगल्या होत्या. बोलताना चूक झाली तरी मध्ये तोडत नसत, वाक्य पुरं होऊ देत.

एका शनिवारी पास घेऊन हायडेलबर्गला गेले. १३८६ सालचं विद्यापीठ, नेकार नदी, वर किल्ला, हे सगळे बघतात. मला तिथे जायचं होतं ते गुंथर सोन्थायमर यांच्यासाठी. खंडोबा, बिरोबा, धनगरांच्या ओव्या यांचा आयुष्यभर अभ्यास केलेले हे जर्मन अभ्यासक तिथल्या दक्षिण आशिया संस्थेत होते. १९९२ मध्ये गेले. आमचं कुलदैवत जेजुरीचं. बाहेरून इमारत बघितली, सुट्टी असल्याने आत जाता आलं नाही. तरी तिथे उभं राहून वाटलं, हा माणूस आपल्या वाड्या-वस्त्यांवर जाऊन मराठी ऐकत बसला असेल, तेव्हा तोही पहिल्यांदा असाच गप्प झाला असेल का?

गणेश चतुर्थी २७ ऑगस्टला होती, माझ्या शेवटच्या परीक्षेच्या आदल्या दिवशी. तेव्हा घरी असायला हवं होतं. ३१ तारखेला पोचले तेव्हा गौरी येत होत्या.

हातात काय उरलं? बी-वनला ऐकण्याच्या भागात मला शंभरपैकी ६३ होते, पास होण्यापुरते. जानेवारीत बी-टू दिली, त्यात ऐकण्याला ८०, बोलण्याला ७४. लेखनात काहीच फरक नाही. म्हणजे चार आठवड्यांनी माझी पातळी वाढवली नाही, कान उघडला. पातळी नंतर पुण्यात बसून वाढली. ती बायोलॉजीची मैत्रीण आजही दर रविवारी रात्री साडेनऊला फोनवर असते. हिवाळ्यात तिच्याकडे तेव्हा पाच वाजलेले असतात. अर्धा तास जर्मन, मग दहा मिनिटं ती माझ्याकडून मराठी शिकते. परवा तिने मला 'ऐक ना' म्हटलं, अगदी बरोबर जागी.

ज्यांचं ए-टू चालू आहे त्यांनी आत्ता जाऊ नये. दोन लाख एक्केचाळीस हजारांत पुण्यात बी-टूपर्यंतचे वर्ग होऊन पैसे उरतात. बी-वन झालेलं असेल, व्याकरण पक्कं आणि कान कच्चा असेल, तर जरूर जा. पण हॉस्टेलऐवजी एखाद्या जर्मन कुटुंबात खोली मिळते का ते आधी विचारा, आणि वर्गातल्या विद्यार्थ्यांची संख्या ईमेलवर लिहून मागा. मला याच कोर्सला पुन्हा जायचं नाही. यंदाचा उन्हाळा, आपला एप्रिल-मेचा, मी पुण्यातच सी-वनच्या वर्गात घालवणार आहे. फी परवाच भरली.