ऑरेंजमधील ‘एक्स्ट्रॅक्ट कीवर्ड्स’: मराठी रकान्यावर चालवून पाहिल्यावर

तक्रारींची नोंदवही, ग्राहकांचे अभिप्राय किंवा सर्वेक्षणाच्या शेवटी असलेला ‘आपल्या सूचना लिहा’ हा रकाना हाती आला की आकड्यांची सवय असलेला माणूस अडखळतो, कारण रकमांची सरासरी काढता येते, वाक्यांची काढता येत नाही. अशा रकान्यांतून कळीचे शब्द वेगळे काढण्यासाठी मी काही महिने ऑरेंज हे माहिती-विश्लेषणाचे सॉफ्टवेअर वापरतो आहे. स्लोव्हेनियातील ल्युब्लियाना विद्यापीठात विकसित झालेले हे सॉफ्टवेअर मुक्तस्रोत आणि विनामूल्य आहे. मजकुरावर काम करणारा ‘टेक्स्ट’ हा भाग मात्र ॲड-ऑनच्या (जोड-भागांच्या) यादीतून वेगळा घ्यावा लागतो. मी त्याला दिली ती आमच्या गृहनिर्माण संस्थेची तक्रार-नोंद: तारीख, इमारत, प्रकार आणि तपशील अशा चार रकान्यांची एक्सेल फाइल.

पडद्यावर विजेट, म्हणजे एकेक काम करणारे छोटे घटक, मांडायची आणि रेघांनी एकमेकांना जोडायची, एवढीच कामाची रीत आहे. ‘कॉर्पस’ या विजेटमध्ये कोणता रकाना मजकूर म्हणून धरायचा ते सांगावे लागते आणि तेथे घाई करू नये. मी सुरुवातीला ‘प्रकार’ आणि ‘तपशील’ दोन्ही घेतले. दोन्ही रकाने जोडून एकच मजकूर समजला जातो, त्यामुळे आम्हीच ठरवून दिलेले ‘पाणीपुरवठा’ आणि ‘वाहनतळ’ हे शब्द रहिवाशांच्या स्वतःच्या शब्दांत मिसळले आणि कळीच्या शब्दांच्या यादीने मला माझेच वर्गीकरण परत वाचून दाखवले.

खरी कसोटी पुढच्या पायरीवर, म्हणजे मजकुराचे शब्द पाडणाऱ्या ‘प्रीप्रोसेस टेक्स्ट’ या विजेटमध्ये लागते. तेथील मूळ मांडणी शब्द ओळखण्यासाठी रेगेक्सचा (मजकुरातील साचा सांकेतिक चिन्हांनी सांगण्याच्या पद्धतीचा) जो नमुना वापरते, त्यात पायथन भाषेच्या नियमानुसार अक्षरे आणि अंक बसतात, पण देवनागरीतील काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार आणि हलन्त ही चिन्हे बसत नाहीत. परिणामी ‘पाणी’चे ‘प’ आणि ‘ण’ असे दोन तुकडे होतात, ‘लिफ्ट’चे तीन होतात, आणि धड राहतात ते फक्त बिनकान्यामात्र्याचे शब्द: नळ, घर, सतत, मदत. बालवाडीच्या अंकलिपीचे पहिले पान उघडावे तशी ती यादी दिसते. उपाय अवघड नाही. त्याच चौकटीत देवनागरीचा संपूर्ण युनिकोड पट्टा, म्हणजे संगणकाने तिच्या सर्व अक्षरांना आणि चिन्हांना दिलेले क्रमांक, धरणारा नमुना लिहिला की शब्द अखंड येतात. नुसत्या मोकळ्या जागेवर शब्द तोडण्याचा पर्यायही आहे, परंतु मग ‘पाणी’ आणि स्वल्पविराम चिकटलेले ‘पाणी,’ हे दोन वेगळे शब्द मोजले जातात. ‘आहे’, ‘नाही’, ‘आणि’ अशा भरीच्या शब्दांची यादी मी स्वतः फाइल करून दिली. ज्यांनी रोमन लिपीत मराठी तक्रारी लिहिल्या होत्या, त्यांच्यासाठी मात्र मला एक्सेलमध्ये बसून हातानेच लिप्यंतर करावे लागले.

इतके झाल्यावर ‘एक्स्ट्रॅक्ट कीवर्ड्स’ हे मुख्य विजेट जोडायचे. त्यात टीएफ-आयडीएफ, याके, रेक आणि एमबर्ट अशा चार पद्धती आहेत, आणि गुणांच्या स्तंभावर टिचकी मारून यादीचा क्रम बदलता येतो. टीएफ-आयडीएफ एखाद्या तक्रारीत वारंवार येणाऱ्या, पण इतर तक्रारींत विरळ असणाऱ्या शब्दाला वर आणते. त्यामुळे जवळपास प्रत्येक नोंदीत असलेल्या ‘पाणी’ या शब्दाचे वजन कमी होते आणि ‘झडप’ वर येतो. कार्यकारिणीला एकूण चित्र हवे असेल तर हे दिशाभूल करणारे आहे. नेमके कोठे काय बिघडले ते शोधायचे असेल तर उपयोगी आहे. सर्व नोंदींचे गुण एकत्र करताना सरासरीऐवजी कमाल मूल्य निवडले तर एकाच लांबलचक पत्रातील एखादा शब्दही डोक्यावर बसू शकतो, म्हणून मी सरासरीच ठेवतो.

रेक ही पद्धत भरीच्या शब्दांना कुंपण मानून त्यांच्या मधले शब्दगट उचलते. इंग्रजीत हे जमते, कारण तेथे संबंध दाखवणारे शब्द सुटे असतात. मराठीत विभक्तीचे प्रत्यय आणि शब्दयोगी अव्यये नामाला चिकटतात, कुंपणच उरत नाही आणि अर्धे वाक्य एकच शब्दगट म्हणून बाहेर येऊ शकते. याके शब्दाचे स्थान, वारंवारता, आजूबाजूचे शब्द आणि किती वाक्यांत तो येतो हे पाहते. शब्द इंग्रजीतल्यासारख्या कॅपिटल अक्षरांत लिहिला आहे का हा तिचा पाचवा निकष देवनागरीत मुकाच राहतो. तरीही तपशील जरा मोठे असतील तर मला याकेची यादी रेकपेक्षा वाचनीय वाटली.

कोणतीही पद्धत निवडली तरी ‘पाणी’, ‘पाण्याचा’, ‘पाण्याला’ आणि ‘पाण्यामुळे’ हे चार शब्द म्हणूनच मोजले जातात. नुसता प्रत्यय कापून भागत नाही, कारण मागे ‘पाण्या’ हे सामान्यरूप उरते आणि ते ‘पाणी’शी जुळत नाही. मी महत्त्वाच्या नामांची रूपे मूळ शब्दाला जोडणारा छोटा तक्ता केला आणि ‘पायथन स्क्रिप्ट’ विजेटमधून बदल करून घेतले. प्रोग्रामिंग न येणाऱ्याने हेच काम एक्सेलमध्ये ‘शोधा आणि बदला’ वापरून आधीच करून घ्यावे.

सर्वाधिक समाधान दिले ते यादीनंतरच्या सोयींनी. निवडलेले शब्द ‘स्कोअर डॉक्युमेंट्स’ला जोडले की त्या शब्दांशी जवळीक असलेल्या नोंदी क्रमाने लागतात आणि ‘कॉर्पस व्ह्यूअर’मध्ये मूळ तक्रार वाचता येते. ‘दाब’ हा शब्द मला पाण्याचा वाटला होता. मूळ नोंदी उघडल्यावर त्यांतील काही विजेच्या दाबाबद्दलच्या निघाल्या.

एमबर्टचे मूळ भाषा-प्रारूप (भरपूर मजकुरावर शिकवलेली संगणकीय प्रणाली) बहुभाषिक असून त्यात मराठीही आहे, परंतु त्या पद्धतीची गणना आपल्या संगणकावर न होता मजकूर दूरच्या सर्व्हरवर पाठवला जातो. तक्रारींत सदनिका क्रमांक आणि शेजाऱ्यांची नावे असल्यामुळे मी ती पद्धत आमच्या फाइलवर चालवलेली नाही. उरलेल्या तिन्ही पद्धती इंटरनेट बंद ठेवूनही चालतात.