८३० छिद्रांचा ब्रेडबोर्ड: एका मोसमाच्या वापरानंतर

पावसाळ्याच्या तोंडावर घेतलेल्या या ब्रेडबोर्डवर (सोल्डरिंग न करता, सुटे भाग छिद्रांत खोचून सर्किट जोडायच्या पाटीवर) गच्चीवरील टाकीतील पाण्याची पातळी मोजणारे सर्किट मी कायमचे मांडून ठेवले होते. एचसी-एसआर०४ हा अल्ट्रासॉनिक सेन्सर, ईएसपी३२ या वायफाय असलेल्या मायक्रोकंट्रोलरचे मॉड्यूल आणि दोन रेझिस्टर, एवढाच त्याचा पसारा. सोल्डरिंगच्या धुराचा घरात सर्वांनाच त्रास होतो, शिवाय सुटे भाग पुन्हा वापरता यावेत हा माझा आग्रह असतो, त्यामुळे शंभर रुपयांच्या आत मिळालेला हा बोर्ड सुरुवातीला मला फारच पावला. गेल्या महिन्यात मात्र ईएसपी३२ वारंवार आपोआप रीसेट होऊ लागला आणि सीरियल मॉनिटरवर (मॉड्यूलचे संदेश दाखवणाऱ्या संगणकाच्या खिडकीत) ‘ब्राउनआउट’चा, म्हणजे पुरवठ्याचा व्होल्टेज घसरल्याचा संदेश येऊ लागला. हा अनुभव लिहिण्याचे कारण तेच.

पॉवरच्या लाल-निळ्या पट्ट्या काही बोर्डांत मध्यावर तुटलेल्या असतात, हे नेहमी वापरणाऱ्यांना माहीत असतेच. दोन छोटे तार-तुकडे लावले की तो प्रश्न मिटतो. माझी खरी तक्रार छिद्रांच्या आत दडलेल्या क्लिपांबद्दल आहे. बोर्डाच्या पाठीचा चिकट फोम सोलून चिमट्याने एक क्लिप बाहेर काढली. पाच छिद्रांसाठी पातळ पत्र्याच्या पाच जोड्या, आणि प्रत्येक जोडीने तारेला दोन्ही बाजूंनी दाबून धरायचे, अशी तिची रचना असते. मॉड्यूल ज्या रांगेत बसवले होते, तेथील जोड्या उन्हात वर्षभर राहिलेल्या कपड्यांच्या चिमट्यासारख्या फाकलेल्या होत्या. मॉड्यूलच्या पिना चौकोनी असतात. त्यांची बाजू ०.६४ मिलिमीटर असली तरी कर्ण ०.९ मिलिमीटरच्या घरात जातो. अशी पिन काही वेळा आत-बाहेर झाली, की त्याच छिद्रात पुढे बसवलेला पाव वॅटच्या रेझिस्टरचा बारीक पाय नुसता अडकून राहतो, दाबला जात नाही. १एन४००७ डायोडचे जाड पायही हेच करतात.

हा सैलपणा निव्वळ त्रासदायक असता तर मी तो पाठीशी घातला असता. परंतु या सेन्सरची ‘इको’ ही उत्तराचा सिग्नल देणारी पिन ५ व्होल्ट देते आणि ईएसपी३२ च्या पिना ३.३ व्होल्टच्या असतात, म्हणून मध्ये व्होल्टेज डिव्हायडर, म्हणजे व्होल्टेज कमी करणारी दोन रेझिस्टरची जोडी लावावी लागते: वर १ किलोओहम आणि खाली, ग्राउंडकडे, २ किलोओहम. सेन्सर व मॉड्यूल दोन्ही काढून खालचा रेझिस्टर मोजला, तेव्हा मीटर कधी २ किलोओहम दाखवी, तर बोर्डाला बोटाने टिचकी मारली की काहीच दाखवीना. खालचा रेझिस्टर सुटला, की पिनेवरचा व्होल्टेज ३.३ च्या वर जातो, आणि गंमत अशी की पातळीचे आकडे तरीही बरोबरच येत राहतात. पिन वाचली ती वरच्या १ किलोओहमने प्रवाह एक-दीड मिलिअँपिअरवर रोखून धरला म्हणून; त्यात बोर्डाचे श्रेय काहीच नाही.

या टप्प्यावर मी चौपट किमतीचा दुसरा बोर्ड आणला. त्याची पकड निःसंशय घट्ट आहे, पण रीसेट होणे थांबले नाही, आणि त्यामुळे पहिल्या बोर्डाबद्दलचे माझे मत थोडे मवाळ झाले. दोन्हीकडे वापरलेल्या, पहिल्या बोर्डासोबत आलेल्या जंपर तारा चुंबकाला चिकटत होत्या, म्हणजे आत तांबे नसून तांब्याचा मुलामा दिलेले पोलाद होते. वायफाय चालू होताना ईएसपी३२ क्षणभर काही शे मिलिअँपिअर ओढतो. अशा तारा आणि सैल क्लिपा मिळून अर्धा-पाऊण ओहम रोध झाला, तरी ५ व्होल्टच्या वाटेवर तेवढ्या क्षणी दोन-तीन दशांश व्होल्ट गळतात. मॉड्यूलवरील एएमएस१११७ या व्होल्टेज रेग्युलेटरला ३.३ व्होल्ट देण्यासाठी वर साधारण एक व्होल्टची मोकळीक लागते, आणि यूएसबीची लांब केबल आधीच थोडी घट आणते.

उपाय फुकटात निघाला. इंटरनेट जोडणाऱ्या माणसाने टाकून दिलेल्या कॅट-५ केबलच्या तुकड्यातील अखंड तांब्याच्या तारा अर्ध्या मिलिमीटरच्या जाडीच्या आहेत. त्या छिद्रात नीट बसतात, क्लिप फाकवत नाहीत, आणि आठ रंगांत मिळतात. (केबल घेताना तीही चुंबक लावून आणि खरवडून पाहावी, तांब्याचा मुलामा दिलेले ॲल्युमिनियम आतून पांढरे दिसते.) पॉवरच्या सगळ्या तारा बदलल्यावर स्वस्त बोर्डावरही रीसेट बंद झाले. महागडा बोर्ड परत करण्याची मुदत तोवर उलटून गेली होती, याची चुटपुट मात्र आहे.

आता मॉड्यूल बोर्डाच्या एका टोकाला कायमचे बसवले आहे, तेथून ते हलवत नाही, आणि रेझिस्टर कधीही चौकोनी पिन न लागलेल्या रांगांतच लावतो. फाकलेल्या क्लिपा सुईने दाबून पाहिल्या. काही सुधारल्या, दोन मोडल्या. नवा बोर्ड घेणाऱ्यांनी दुकानातच पाव वॅटचा एक रेझिस्टर चार-पाच ठिकाणी खोचून बोर्ड उलटा धरावा आणि हलकेच झटकावा. रेझिस्टर खाली पडला तर तो बोर्ड पन्नास रुपयांनाही महागच आहे. दुकानदार कुरकुरतो, पण रेझिस्टर आपला स्वतःचा असल्याने त्याला फारसे बोलता येत नाही.